कॅनडा हिरवा आणि भारत लाल? देशांच्या वापराचा हा हिशेब तुम्हाला पटतो का?

शिप्राकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळून राहिलीय, म्हटलं आपल्या या इंदोरकरांच्या मंचावरच मांडावी, इथे शेतीवाले पण आहेत आणि आकडेवाले पण.

जगाचा एक नकाशा असतो ज्यात प्रत्येक देशातली माणसं किती खातात, जाळतात, वापरतात आणि त्या देशाची जमीन, जंगल, समुद्र मिळून तेवढं परत उभं करू शकतात का हे रंगांनी दाखवलेलं असतं. आपल्या ऐपतीपेक्षा जास्त वापरणारे लाल, शिल्लक असलेले हिरवे. ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क नावाची संस्था हे करते. त्यात भारत लाल आणि कॅनडा हिरवागार. आता आकडे बघा. आपल्याकडे माणशी वापर साधारण १.१ ते १.२ ग्लोबल हेक्टर आणि कॅनडात ८ च्या आसपास. म्हणजे तिथला एक माणूस आपल्या सहा-सात जणांएवढं वापरतो आणि तोट्यात कोण, तर आपण! कारण काय तर आपली जमीन माणशी ०.४ च देऊ शकते आणि त्यांची १४-१५.

माझं मत स्पष्ट आहे, हा हिशेब गरिबावर अन्याय करतो. तुम्हाला काय वाटतं?

जिरावण
आधी ग्लोबल हेक्टर म्हणजे काय ते सांगा भिया. आमच्याकडे सगळं एकरात चालतं.

आकडेशास्त्री
@जिरावण, जगातल्या सरासरी सुपीकतेची एक हेक्टर जमीन, म्हणजे अडीच एकर. राजस्थानच्या वाळूतला हेक्टर आणि आपल्या काळ्या मातीतला हेक्टर सारखं पिकवत नाहीत म्हणून सगळ्यांना एका मापात आणलं. त्यात सहा गोष्टी धरतात, पिकांची जमीन, कुरणं, लाकूड-कागदाचं जंगल, मासेमारीचं पाणी, घरं-रस्त्यांखाली गेलेली जमीन, आणि सगळ्यात मोठी म्हणजे कोळसा-पेट्रोल जाळून निघालेला कार्बन शोषायला जेवढं जंगल लागेल ते. जगाच्या एकूण ठशात, म्हणजे फूटप्रिंटमध्ये, या शेवटच्या कार्बनचाच वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वाकरनागेल यांनी ही पद्धत बसवली, संस्था २००३ ची.

@शिप्राकाठ, तुमचे आकडे बरोबर आहेत पण त्याच टेबलातून दुसराही प्रश्न विचारता येतो. सगळं जग अमुक देशासारखं राहिलं तर पृथ्वी वर्षभरात जेवढं परत उभं करते ते कुठल्या तारखेला संपेल? कतारसारखं राहिलं तर फेब्रुवारीत. अमेरिका किंवा कॅनडासारखं राहिलं तर मार्चमध्ये. भारताला तारीखच नाही, कारण जगाची क्षमता माणशी दीड ग्लोबल हेक्टरच्या आसपास आणि आपण अजून त्याच्या खाली. सगळ्या जगाची मिळून तारीख २०२५ मध्ये २४ जुलै होती. म्हणजे नकाशावर हिरवा असलेला कॅनडा कॅलेंडरात तिसऱ्याच महिन्यात बाद होतो. नकाशा विचारतो आपल्या कुंपणात भागतं का, कॅलेंडर विचारतं तुमच्या वाट्यापेक्षा जास्त घेता का. प्रश्न वेगळे आहेत म्हणून उत्तरं वेगळी.

टोरांटोतला_इंदोरी
इथे राहतो म्हणून लिहितो. कॅनडाची जमीन भारताच्या तिप्पट आणि माणसं ४ कोटी, बस एवढंच त्या हिरव्या रंगाचं कारण आहे, ते शहाणपणाचं बक्षीस नाही. हिवाळ्यात महिनोन्महिने घर गरम ठेवायचं, दूध आणायला पण गाडी काढायची, घरं एवढी मोठी की दोन खोल्यांत कुणी जात नाही. आणि ते जंगल जे सगळं शोषून घेणार म्हणतात ना, ते २०२३ च्या उन्हाळ्यात दीड कोटी हेक्टर जळलं, धूर न्यूयॉर्कपर्यंत गेला होता. जे जंगल जमेच्या बाजूला मांडलंय तेच पेटलं तर काय जमा आणि काय खर्च.

बाय द वे, हे देशोदेशीचे आकडे काढायचं काम आता इथल्याच यॉर्क विद्यापीठात चालतं.

काकू_सुदामानगर
मला एवढे आकडे कळत नाहीत पण गोष्ट समजली. दोन भाऊ. एकाला वाटणीत चाळीस एकर आली आणि घरात दोन माणसं, दुसऱ्याला चार एकर आणि घरात पंधरा. पहिला रोज तुपात लोळला तरी त्याच्या पेवात धान्य उरणार, आणि दुसऱ्याने ताकावर दिवस काढले तरी कमीच पडणार. मग उधळ्या कोण ते विचारायचं की कोणाला आधी उपाशी राहावं लागेल ते विचारायचं? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो बाई. अन्याय झाला म्हणून त्या धाकट्याची चार एकरं काही वाढत नाहीत.

शिप्राकाठ
काकू, पटलं. पण मग धाकट्याला लाल रंग का?

रामबागकर
कारण पंधरा माणसं आहेत म्हणून! सगळे या विषयाच्या बाजूबाजूने जाऊन राहिलेत. जगाच्या जमिनीपैकी २.४ टक्के जमीन आपल्याकडे आणि लोकसंख्या १७-१८ टक्के. लोकसंख्येवर बोलायचं नाही आणि कॅनडाला नावं ठेवायची हे मला मान्य नाही.

मालवी_मिरची
@रामबागकर काका, बोला ना लोकसंख्येवर, पण पूर्ण बोला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० वर आलाय, म्हणजे पिढी बदलायला लागतात त्याहूनही कमी मुलं आता होतात. जी माणसं आहेत ती आहेत, त्यांना कुठे पाठवणार? पुढचा प्रश्न माणसं किती हा नाही राहिला, ती कशी जगणार हा आहे.

आणि मला खरं खटकतं ते वेगळंच. आपण सगळे ‘भारतात माणशी १.१’ म्हणतो तेव्हा तो १.१ कुणाचा? आपल्या इंदोरच्या विजयनगरात प्रत्येक खोलीत एसी, घरात तीन गाड्या, वर्षातून एकदा दुबई, त्याचा १.१ आहे का? तो १.१ होतो कारण तिकडे झाबुआ-अलीराजपूरला लाखो माणसं जवळजवळ काहीच न वापरता जगतात. त्यांच्या वाट्याचं न वापरलेलं आपण आपल्या नावावर दाखवतो आणि कॅनडाकडे बोट करतो. इथे मोबाइलवर हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना कॅलेंडरात तारीख निघेल. मला तरी निघेल असं वाटतं. त्यामुळे ‘गरिबावर अन्याय’ हे बोलायचा हक्क झाबुआच्या माणसाला आहे, आपल्याला तो उसना घेता येत नाही.

जिरावण
👏👏 हे आवडलं नाही पण खरं आहे.

रामबागकर
मिरची, मुद्दा जोरदार आहे. लोकसंख्येचं माझं म्हणणं मी सोडत नाही पण हे पण लिहून ठेवतो.

आकडेशास्त्री
यावरून आठवलं, गांधीजींनी १९२८ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलं होतं की तीस कोटींचा हा देश पश्चिमेसारखं शोषण करायला लागला तर टोळधाडीसारखं जग उघडं-बोडकं करून टाकेल. तेव्हा तीस कोटी होते, ना ग्लोबल हेक्टर होता ना उपग्रह.

सोयाबीनवाला
इंदोरजवळ देपालपूरकडे शेती आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, लांब होईल, वाचा किंवा सोडा.

‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ. आमच्या आजोबांच्या वेळेला पावसाळ्यात काळी जमीन बरीचशी मोकळी सोडायचे, पाणी मातीत मुरायचं, आणि त्या ओलीवर थंडीत गहू निघायचा, विहिरीचं पाणी न देता. पीक कमी पण वर्षानुवर्षं तसंच. १९७० नंतर सोयाबीन आलं आणि मोकळ्या राहणाऱ्या जमिनीत दुसरं पीक मिळालं, घरात पहिल्यांदा रोख पैसा आला. मी त्याला वाईट म्हणणार नाही, त्या पैशावर आमची शिक्षणं झाली. पण रब्बीसाठी ओल उरेना, मग ट्यूबवेल आले, गहू पण भरपूर पाण्याचा आला, बटाटा आला, लसूण आला. आधी विहीर आटली, मग ट्यूबवेल, मग त्याच शेतात अजून खोल दुसरा. ज्या देवासचा परिसर याच म्हणीत येतो त्या देवासला १९९० मध्ये इंदोरहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पग पग नीर.

आता मला या हिशेबात काय खटकलं ते सांगतो. आकडेशास्त्री साहेब मला दुरुस्त करा. जमिनीची क्षमता ही लोक प्रत्यक्ष पिकवतात त्या उत्पन्नावरूनच मोजतात ना? म्हणजे मी पाताळातून पाणी ओढून एकरी दुप्पट गहू काढला तर या टेबलात माझ्या जमिनीची क्षमता वाढली असं दिसणार. खरं तर मी माझ्या नातवाचं पाणी उपसलं. तिकडे नोंद जमेची.

आकडेशास्त्री
@सोयाबीनवाला, दुरुस्त करण्यासारखं काही नाही, याच्यावरची सगळ्यात मोठी टीका तुम्ही शेतातून बरोबर पकडली. उपसलेलं भूजल, वाहून गेलेली माती, रसायनांचं प्रदूषण, यातलं काहीच या हिशेबात थेट येत नाही. विहीर पूर्ण आटून उत्पन्न पडेल तेव्हाच क्षमता कमी दिसेल, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर. आणि भारतासाठी ही गोष्ट छोटी नाही. जगात जेवढं भूजल उपसलं जातं त्याचा साधारण चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो, अमेरिका आणि चीन दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त. म्हणून पाण्याचा ठसा वेगळा काढायची पद्धत आर्येन हुकस्ट्रा यांनी २००२ मध्ये आणली.

दुसरी टीका उलट्या बाजूची. २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी दाखवलं की कार्बन बाजूला काढला तर जगाचा बाकी जमिनीचा हिशेब जवळजवळ जुळतो, म्हणजे ‘जगाच्या आजच्या वापराला पावणेदोन पृथ्वी लागतात’ असं जे सांगतात त्यातला जादा भाग बहुतेक सगळा कार्बनचा, आणि तो काही फक्त झाडं लावूनच मिटवायचा असं नाही. संस्थेचं म्हणणं असं की आमचा आकडा आहे तोच कमीत कमी आहे, खरी उधारी यापेक्षा मोठीच असणार. मला दोघांचंही एकेक बरोबर वाटतं. कार्बनमुळे आकडा फुगतो आणि पाणी-मातीमुळे तो खोटा लहान दिसतो, आणि भारताच्या बाबतीत दुसरी चूक जास्त भारी आहे.

शिप्राकाठ
हे माहीत नव्हतं. म्हणजे आपली खरी स्थिती नकाशापेक्षा वाईट?

आकडेशास्त्री
पाण्याच्या बाबतीत, हो.

नीलकंठ_२२
मग इंदोरचंच घ्या ना. १९७० मध्ये शहराने आंदोलन करून नर्मदा मागितली आणि १९७८ मध्ये ती आली, आमच्या घरी अजून त्याच्या गोष्टी सांगतात. पाणी येतं कुठून, तर नर्मदाकाठच्या जलूदहून, जवळपास ७० किलोमीटर, घाट चढवून. विजेवर. आधी बिलावली, यशवंत सागर यावर भागायचं, आता त्या तलावांशिवाय पण आणि नर्मदेशिवाय पण शहर चालत नाही आणि कॉलन्यांत वरून बोरिंग आहेतच. एक शहर आपल्या कुंपणाबाहेर किती लांब हात घालतं याचं उदाहरण दुसरीकडे शोधायची गरज नाही. नगर निगमने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले ते जलूदच्या ६० मेगावॉट सोलर प्लांटसाठीच, कारण पंपांचं वीजबिल झेपेना. मला हे पाऊल मनापासून चांगलं वाटतं. कार्बन कमी होईल. पण नर्मदेतून निघणारं पाणी तेवढंच राहील.

काकू_सुदामानगर
आणि सफाईत आपण पहिले ते? त्याचे काहीच मार्क नाहीत का यात?

नीलकंठ_२२
काकू, सफाईचा अभिमान मला पण आहे. २०१७ पासून सलग पहिला नंबर म्हणजे लोकांनी सवयी बदलल्या, ओला-सुका वेगळा करायला शिकले, देवगुराडियाला २०२२ पासून ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्लांट आहे, त्या गॅसवर बस चालतात. हे मार्क मिळतातच, कारण तेवढं डिझेल वाचलं. पण हा ठसा कचरा कुठे गेला ते कमी आणि वस्तू आली कुठून ते जास्त बघतो. रस्ता चकाचक असला तरी घरात आलेलं सामान तेवढंच असेल तर आकडा फारसा हलत नाही.

जिरावण
सामान सोडा, मी खायच्या सेवेचा विचार करून राहिलोय आता. सकाळी पोह्यावर सेव, दुपारी जेवणात सेव, संध्याकाळी सेव-परमल. तेल कुठलं?

सोयाबीनवाला
बहुतेक पाम. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. आणि गंमत बघा, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदोरात, आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन, पण आपल्या दाण्यात तेल १८-२० टक्के, बाकी पेंड. ती पेंड वर्षानुवर्षं परदेशात कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला गेली. म्हणजे माळव्याची जमीन त्यांच्या चिकनमध्ये आणि सुमात्राची जमीन आपल्या सेवेत.

हिशेबात निर्यात वजा करतात आणि आयात मिळवतात, त्यामुळे पेंडेची जमीन त्यांच्या नावावर जाते आणि पामची आपल्या. हे मला न्यायाचं वाटतं. फक्त पेंडेबरोबर आमचं पाणी गेलं ते कुणाच्याच नावावर नाही.

बडोदेकर_पाहुणा
इंदोरकरांच्या धाग्यात बडोद्याहून डोकावतो, सेव म्हटलं की राहवत नाही. आमच्याकडे सेव-उसळीत जेवढी सेव पडते तेवढ्यात तुमचं एक घर आठवडा काढेल 😄

पण एक गंभीर. नर्मदेचं पाणी आम्ही पण पितो, सरदार सरोवराचं. गुजरातच्या कालव्यात पाणी आलं आणि धरणाच्या वरच्या बाजूला तुमच्या मध्य प्रदेशातल्या निमाडातली गावं बुडाली. देशाच्या टेबलात हे सगळं एका ओळीत बसतं, ‘भारत’. कुणाची जमीन कुणासाठी गेली ते त्या ओळीत दिसत नाही. मालवी मिरची यांनी श्रीमंत-गरिबाचं सांगितलं, मी नदीच्या वरच्या आणि खालच्या बाजूचं सांगतो.

मालवी_मिरची
@बडोदेकर_पाहुणा, हे तुमच्याकडून आलं याचं जास्त बरं वाटलं. आणि आमचं आठवड्याचं नाही, दोन दिवसांचं.

टोरांटोतला_इंदोरी
कुणीतरी आदर्श देशाबद्दल पण बोला ना. क्युबाचं नाव वाचलं होतं.

आकडेशास्त्री
डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग वाचवणाऱ्या संस्थेच्या २००६ च्या अहवालात दोन अटी लावल्या होत्या, मानव विकास निर्देशांक चांगला हवा आणि माणशी ठसा पृथ्वीच्या वाट्यात हवा. दोन्हीत बसणारा देश एकच निघाला, क्युबा. शिक्षण-आरोग्य चांगलं आणि वापर कमी.

रामबागकर
वापर कमी कारण सोव्हिएत संघ तुटल्यावर तेलच येईना! त्याला आदर्श म्हणता? लोकांना खायला कमी पडलं तिकडे.

आकडेशास्त्री
आदर्श नाही म्हणत. एवढंच म्हणतो की एवढ्या वापरात पण मुलं शाळेत जाऊ शकतात आणि दवाखाना मिळू शकतो हे दिसलं. झाबुआला १.१ च्याही खालून वर यायचंय, त्यासाठी कॅनडाच्या ८ पर्यंत जावं लागत नाही, हे माझ्यासाठी पुरेसं महत्त्वाचं आहे.

काकू_सुदामानगर
भांडण झालं असेल तर शिप्राकाठ यांना उत्तर द्या कुणीतरी. लाल रंग ठेवायचा की काढायचा?

मालवी_मिरची
माझं मत, ठेवायचा. लाल म्हणजे अपराधी असं आपण धरलं म्हणून राग येतो. भारताचा लाल म्हणजे धोका, बाहेरून पाम आलं नाही, पाऊस चुकला, भूजल संपलं तर आपल्याकडे मागे काही नाही. आणि कॅनडाला कॅलेंडरातला लाल द्यायचा, अपराधाचा. दोन वेगळे लाल आहेत, एकाच नकाशात दाखवले की गरीब उधळ्या दिसतो आणि उधळ्या साव दिसतो.

शिप्राकाठ
मंडळी, धन्यवाद. मी कॅनडावरच्या रागाने सुरू केलं होतं, तो राग अजून आहे, माणशी ८ ला कुठलाही हिरवा रंग मी लावणार नाही. पण भारत लाल आहे हे मी आता नाकारत नाही, उलट पाणी धरलं तर तो गडद करावा लागेल. @सोयाबीनवाला, एकच विचारायचंय, तुमच्याकडे कुणी परत पावसाळ्यात जमीन मोकळी सोडायला तयार आहे का?

सोयाबीनवाला
मोकळी कोण सोडेल भाऊ, हप्ते आहेत. पण आमच्या गावात काही जणांनी शेताच्या खालच्या कोपऱ्यात तलाई खोदल्या, पावसाचं पाणी साठवायचं आणि रब्बीत त्यावर एक-दोन पाणी द्यायचं. देवासकडे २००६ पासून असे हजारो तलाव शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत केले, ट्यूबवेलवर पैसा घालण्यापेक्षा. जमिनीचा तुकडा जातो, भाऊ-भाऊ भांडतात कुणाच्या वाट्यातून जाणार म्हणून. आमच्याकडे पण वडिलांचा होकार आहे, काकांचा नाही. या रविवारी बसतोय परत.